शाळेतील इंटरनेट आणि त्याची गाळणी

शाळेत इंटरनेट आले म्हणजे विद्यार्थ्यांस एका प्रचंड ग्रंथालयाचे दार उघडते. परंतु कोणते पुस्तक कोणत्या वयाच्या हाती द्यावे, हे पाहणारा ग्रंथपाल तेथे नसतो. त्याचे काम काही अंशी यंत्राकडे सोपविण्याच्या योजनेस फिल्टर, म्हणजे गाळणी, असे म्हणतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्याशी संलग्न असलेल्या शाळांस अशी गाळणी बसविण्याची सूचना दिली. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील केंद्रीय विद्यालयेही त्या शाळांतच मोडतात.

गाळण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिली नावावरून गाळण्याची. प्रत्येक संकेतस्थळास एक नाव व एक क्रमांक असतो. संगणक प्रथम नामसूचीकडे नाव देऊन क्रमांक मागतो. नाव निषिद्ध यादीत असल्यास नामसूची क्रमांक देत नाही आणि मार्ग तेथेच खुंटतो. दुसरी रीत मजकुरातील शब्दांवरून गाळण्याची. ही अधिक अवघड आहे. कारण आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर सांकेतिक लिपीत प्रवास करतो. बंद पाकिटावरील पत्ता टपालवाल्यास वाचता येतो, आतील पत्र वाचता येत नाही. तशीच ही स्थिती होय. म्हणून शब्द तपासावयाचे असल्यास त्याची सोय शाळेच्या संगणकातच करून ठेवावी लागते.

तथापि यंत्र अक्षरे ओळखते, अर्थ ओळखत नाही. रायपूरच्या हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्यास जीवशास्त्रात 'स्तनधारी' प्राण्यांचा अभ्यास करावा लागतो. मराठीत त्यांसच 'सस्तन' म्हणतात. 'स्तन' ही अक्षरे निषिद्ध ठरविली, तर गाय, देवमासा आणि वटवाघूळ ह्यांची माहितीही अश्लील मजकुराबरोबर अडविली जाईल. ही भीती केवळ काल्पनिक नव्हे. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांस 'अमेरिका ऑनलाइन' ह्या कंपनीच्या सेवेत खाते उघडता येईना. कारण गावाच्या इंग्रजी नावातच एक अश्लील शब्द दडलेला होता.

उलट बाजूचा दोषही तितकाच खरा आहे. हिंदी वा मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक जण निराळी अक्षरयोजना करतो. यादीत एक रूप असले, तर बाकीची रूपे निर्वेध पार होतात. येणेप्रमाणे गाळणीतून खडा सुटतो आणि दाणा अडकतो.

गाळणीस आणखी एक मर्यादा आहे. ती शाळेच्या जोडणीवर व संगणकांवर काम करते, विद्यार्थ्याबरोबर घरी जात नाही. करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, छत्तीसगड शासनाने 'पढ़ई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', ही योजना सुरू केली. घरच्या मोबाइलवर पाठ आले. परंतु शाळेची गाळणी शाळेतच राहिली.

मग गाळणी निरुपयोगी समजावी काय? तसे नाही. लहान मुलांसमोर अकस्मात येणारा पुष्कळसा अनिष्ट मजकूर तिच्यामुळे टळतो. मात्र अखेरचा निर्णय माणसाच्या हाती असला पाहिजे. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्याने शासकीय साहाय्य घेणाऱ्या शाळांस व ग्रंथालयांस गाळणी आवश्यक ठरली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा कायदा ग्राह्य मानला, तेव्हा प्रौढ वाचकाने सांगितल्यास ग्रंथपाल ती दूर करू शकतो, ह्या गोष्टीस न्यायमूर्तींनी महत्त्व दिले.

आपल्या शाळांसही ह्यापासून बोध घेता येईल. अडलेल्या पानांची नोंदवही ठेवावी. ती शिक्षकाने वेळोवेळी तपासावी आणि अभ्यासाचे पान चुकून अडले असल्यास ते खुले करून घ्यावे. मजकूर कोणी लिहिला व कशासाठी लिहिला, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी. भीतिदायक काही दिसल्यास ते वडीलधाऱ्यांस सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, असा विश्वासही त्यांस द्यावा. यंत्राची गाळणी शाळेच्या दाराशी थांबते; ही सवय व हा विश्वास मात्र विद्यार्थ्याबरोबर घरापर्यंत जातात.