माइकच्या आधी गोधड्या

पुणतांबा

चि. बाळास,

तुझे पत्र व सोबतची खरेदीची यादी पोचली. आपल्या भजनी मंडळाचे अभंग घरच्या माडीवर ध्वनिमुद्रित करण्याचा तुझा मनोदय मला पसंत आहे. परंतु यादीतील दोन कंडेन्सर माइक आणि मिक्सर यांवर तूर्त काट मारावी. ज्या खोलीच्या भिंती उघड्या, फरशी शहाबादी आणि छत पत्र्याचे, त्या खोलीत दूर ठेवलेला संवेदनक्षम माइक गायकाच्या कंठाबरोबर पंख्याची घरघर, भिंतींचा प्रतिध्वनी आणि जंक्शनवरच्या गाडीची शिट्टी यांचीही इमानेइतबारे नोंद करणार.

मंडळाच्या स्पीकरसंचात डायनॅमिक माइक आहेच. त्यास कंडेन्सरप्रमाणे ४८ व्होल्टची निराळी तरतूद लागत नाही. गाणाऱ्याने वीतभर अंतरावरून, तोंड किंचित तिरके ठेवून गावे, म्हणजे ‘प’, ‘भ’ उच्चारताना निघणारा वाऱ्याचा झोत त्यावर आदळत नाही. केबल मात्र नवी घे. जुनीच्या एका टोकास जाड पिन आहे, आणि दोन्ही टोकांस तीन पिना असल्यावाचून विजेची गुणगुण आवरत नाही. याखेरीज लॅपटॉपला दोन माइक जोडता येतील असा इंटरफेस आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एवढीच खरेदी. मुद्रणाची संगणकप्रणाली ऑडॅसिटी फुकट मिळते. गोधड्या घरात मुबलक आहेत, त्या गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टांगाव्या, कारण माइकचे तोंड तिकडेच असते.

खरी अडचण टाळांची; त्यांच्या खणखणाटात गाणे बुडून जाते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या गायस्बर्ग साहेबाने कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा माइकच नव्हता. एका कर्ण्यासमोर कोणी किती जवळ बसावे, एवढाच काय तो तोल साधण्याचा उपाय होता. तोच शिरस्ता तूही चालव: टाळकऱ्यांना माइकच्या पाठीशी, चार-पाच हातांवर बसव, आणि दुसरी जोडणी मृदंगासाठी राख. ते रुसतील, त्यांची समजूत घालणे तुझ्याच अखत्यारातले.

मुद्रण २४ बिटांवर ठेव, आणि चढा स्वरही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे; शून्यास टेकून फाटलेला आवाज मागाहून सांधता येत नाही. विजेची गुणगुण नको म्हणून चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालव. पहिला अभंग एकदा गोधड्या लावून व एकदा काढून मुद्रित कर, आणि दोन्ही मला पाठव; मग इंटरफेसच्या किमतीचे बोलू.

तुझा,
मामा