फोडशी व कोळकांदा : ओळख व दक्षता

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा या वनबहुल तालुक्यांत पहिल्या पावसानंतर मुसळीच्या जातीतील फोडशीची कोवळी पाने भाजीसाठी खुडतात. त्याच सुमारास कोळकांद्यासही पाने फुटतात. दोहोंची लांबट पाने जमिनीलगत झुबक्याने येतात. परंतु कोळकांदा विषारी असून त्यातील द्रव्ये हृदयाची गती बिघडवितात.

खरी खूण जमिनीखाली असते. संशय येताच रोप उकरून पाहावे. फोडशीस मांसल मुळांचा जुडगा असतो. कोळकांद्यास कांद्यासारखा पापुद्र्यांचा गड्डा असतो. गड्डा आढळल्यास ते रोप वर्ज्य करावे. फोडशीची मुळे राखून केवळ पाने कापावीत, म्हणजे ती पुढील पावसाळ्यात पुन्हा फुटते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दोन्ही रोपे ग्रामसभेत शेजारी ठेवून दाखवावीत. भाजी खाल्ल्यावर ओकाऱ्या झाल्यास रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.