अंधारातील नेम : आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर आणि स्वयंप्रकाशी माशी

बैलगाडीच्या मागे, सायकलच्या चिखलफळीवर किंवा मालमोटारीच्या पाटीवर रात्री चकाकणारी जी पट्टी लावली जाते, तिला गावोगावी 'रेडियम' असेच म्हणतात. वस्तुतः त्या पट्टीत रेडियम नावालाही नसते. समोरून आलेला प्रकाश ती आल्या वाटेने परत पाठविते, एवढेच तिचे कार्य. तरीही हे नाव लोकांच्या तोंडी रुळले, कारण एके काळी अंधारात चमकणारी घड्याळे खरोखरच रेडियमच्या साह्याने चमकत असत. त्याच जातीचा, परंतु वेगळ्या पदार्थापासून मिळणारा प्रकाश पुढे बंदुका-पिस्तुलांवर नेम धरण्यासाठी वापरात आला. अमेरिकेत स्वसंरक्षणार्थ बाळगल्या जाणाऱ्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरांवर अशी स्वयंप्रकाशी माशी बसविण्याची प्रथा आहे. तिच्यामागील विज्ञान कोणते, तिचा उपयोग कोठवर आणि तिच्याविषयीचा गैरसमज कोणता, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रकाशाचे तीन प्रकार

अंधारात चमकणाऱ्या वस्तूंचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग परावर्तन करणाऱ्या वस्तूंचा. रस्त्यावरील फलक व वाहनांवरील पट्ट्या या वर्गात मोडतात. बाहेरून प्रकाश पडला नाही तर त्या काळ्याच राहतात. दुसरा वर्ग प्रकाश साठविणाऱ्या वस्तूंचा. मुलांच्या खोलीत छतावर चिकटविलेल्या चांदण्या दिवा मालविल्यावर काही काळ हिरवट दिसतात व हळूहळू फिक्या पडतात. तिसरा वर्ग खऱ्या अर्थाने स्वयंप्रकाशी वस्तूंचा. त्यांना बाहेरचा प्रकाश लागत नाही आणि विजेचा घटही लागत नाही. किरणोत्सारी पदार्थातून सतत बाहेर पडणारे कण चकाकणाऱ्या भुकटीवर आदळतात आणि ती भुकटी रात्रंदिवस मंद प्रकाश देत राहते.

रेडियमपासून ट्रिटियमपर्यंत

रेडियमचा शोध मारी व पिएर क्यूरी या दांपत्याने १८९८ मध्ये लावला. पुढे झिंक सल्फाइडच्या भुकटीत अत्यल्प रेडियम मिसळून घड्याळांच्या तबकड्या रंगविण्याचे कारखाने अमेरिकेत निघाले. न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथील कारखान्यात तरुण मुली हे काम करीत. कुंचल्याला बारीक टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची पद्धत होती. त्यामुळे रेडियम पोटात जाऊन हाडांत साठले. जबडे सडले, रक्तक्षय झाला व अनेकींना प्राण गमवावे लागले. पाच पीडित स्त्रियांच्या दाव्यात १९२८ मध्ये तडजोड झाली आणि कामगारांच्या आरोग्यरक्षणाच्या इतिहासात या प्रकरणाला महत्त्वाचे स्थान मिळाले.

रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. चकाकणारी भुकटी मात्र काही वर्षांतच निकामी होते. म्हणजे जुन्या घड्याळाचा उजेड जातो, पण त्यातील विष जात नाही.

यावर उपाय ठरला तो ट्रिटियम. हायड्रोजनच्या या किरणोत्सारी भावंडाचा शोध १९३४ मध्ये लागला. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असते. त्यातून निघणारे बीटा कण इतके दुर्बळ असतात की हवेत काही मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. काच किंवा माणसाची त्वचा ते भेदू शकत नाहीत. आतून चकाकणारी भुकटी लावलेल्या काचेच्या बारीक नळीत हा वायू बंद केला की इवलासा दिवा तयार होतो. स्वयंप्रकाशी माशीत असाच दिवा बसविलेला असतो. त्याचा रंग बहुधा हिरवा असतो, कारण अंधुक प्रकाशात मानवी डोळा हिरव्या छटेला अधिक संवेदनशील असतो.

हा दिवा अक्षय नव्हे. आज त्याचे तेज १०० मानले तर सुमारे १२ वर्षांनी ते ५० आणि सुमारे २५ वर्षांनी २५ इतकेच उरते. भुकटी झिजत असल्याने प्रत्यक्षात ते याहूनही कमी भरते. म्हणून अशी वस्तू घेताना तिच्या निर्मितीचे वर्ष पाहणे अगत्याचे असते.

आखूड नळीची अडचण

नळीच्या टोकाशी जो उंचवटा असतो तो 'माशी' होय. मागील बाजूस चौकटीच्या माथ्यावर खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी आणावयाची आणि माशी लक्ष्यावर ठेवावयाची, याला नेम धरणे म्हणतात. दोन बिंदूंनी एक रेषा ठरते, या भूमितीतील नियमाचेच हे उपयोजन आहे.

अमेरिकेतील कोल्ट कंपनीने १९२७ मध्ये दोन इंची नळीचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' बाजारात आणले. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीचे पाच काडतुसांचे 'चीफ्स स्पेशल' आले. खिशात मावेल असे शस्त्र, हा त्यांचा हेतू होता. परंतु नळी आखूड झाली की माशी व खाच यांमधील अंतरही घटते. हे अंतर १० सेंटिमीटर असेल आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली, तर ७ मीटरवर गोळी ७ सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर २० सेंटिमीटर असते तर चूक साडेतीन सेंटिमीटरच भरली असती. आखूड नळी चूक वाढविते, ती अशी. त्यातच अशा रिव्हॉल्व्हरांवरील माशी लहान व नळीच्याच रंगाची असते. गडद कपड्यांच्या पार्श्वभूमीवर तिन्हीसांजेला ती दिसेनाशी होते.

बसविण्याचे काम

जुन्या घडणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत माशी नळीशी एकसंध घडविलेली असते. तेथे दिवा बसवावयाचा तर माशीत सूक्ष्म छिद्र पाडावे लागते किंवा जुनी माशी कापून नवी जोडावी लागते. हे कसबी कारागिराचे काम आहे. नव्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरांत माशी एका आडव्या खिळीने अडकविलेली असते. तेथे खिळी काढून नवी माशी बसविणे तुलनेने सोपे असते. दोन्ही प्रकारांत काही पथ्ये सारखीच आहेत. काम सुरू करण्यापूर्वी शस्त्र रिकामे आहे याची पुनःपुन्हा खात्री केली पाहिजे. काचेच्या नळीवर ठोका बसू नये किंवा आच लागू नये. नळी फुटलीच तर खिडक्या उघडून खोलीतून बाहेर पडावे व तुकडे उघड्या हातांनी उचलू नयेत.

माशीच्या उंचीकडेही लक्ष द्यावे लागते. नवी माशी जुनीपेक्षा १ मिलिमीटर उंच असली, तर वरच्याच हिशेबाने ७ मीटरवर गोळी ७ सेंटिमीटर खाली लागते. म्हणून माशी बदलल्यावर अधिकृत गोळीबार-केंद्रात चाचणी घेतल्यावाचून ते शस्त्र भरवशाचे मानता येत नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. चौकटीत कोरलेल्या खाचेत दिवा बसविण्यास जागा नसते, त्यामुळे बहुधा पुढेच एक दिवा असतो. काळोखात एकटा ठिपका दिसला तरी खाच दिसत नाही. एका बिंदूने रेषा ठरत नाही. ठिपका लक्ष्यावर आहे म्हणून नळीही लक्ष्याकडेच आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

माशी दिसते, माणूस दिसत नाही

भरपूर उजेडात या दिव्याची गरज नसते. संधिप्रकाशात समोरची व्यक्ती ओळखू येते, पण काळी माशी हरवते. तेथे हा दिवा खरोखर उपयोगी पडतो. मात्र पूर्ण काळोखात तो केवळ माशी दाखवितो. समोर कोण उभे आहे हे तो सांगत नाही. चोर समजून घरच्याच माणसावर गोळी झाडल्याच्या दुर्घटना अमेरिकेत घडलेल्या आहेत. उशिरा परतलेला मुलगा, पाणी पिण्यास उठलेली वृद्ध आई किंवा वाट चुकलेला शेजारी, यांतील कोणीही काळोखात केवळ एक सावली असते.

अमेरिकी शस्त्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेल्या सुरक्षिततेच्या चार नियमांपैकी एक नियम लक्ष्याची व त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करण्याविषयीचा आहे. ही खात्री हातदिव्याच्या उजेडाने किंवा 'कोण आहे' अशी हाक देऊन होते. हातदिव्याचा झोत समोर पडला की साधी काळी माशीही उजळलेल्या पार्श्वभूमीवर ठळक दिसते. म्हणजे ज्या काळोखासाठी लोक हा दिवा विकत घेतात, त्या काळोखात खरी गरज असते ती हातदिव्याची. माशीवरील दिवा नेमाला साहाय्य करतो. निर्णयाला करीत नाही.

आपल्याकडील कायदा

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची विक्री, रूपांतर किंवा दुरुस्ती ही कामे परवान्याशिवाय करता येत नाहीत. म्हणून परवानाधारकाने आपल्या शस्त्रावर गावातील सुतार-लोहाराकडून किंवा घरच्या घरी फेरफार करू नये. परवानाधारक कारागिराकडेच जावे. किरणोत्सारी पदार्थांच्या वापरावर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. त्यामुळे परदेशातून अशी माशी परस्पर मागविण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात चौकशी करावी.

खाजगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३४ ते ४४ मध्ये नमूद आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत हा हक्क पोहोचत नाही. समोर कोण आहे व धोका कोणता आहे हे न पाहता झाडलेल्या गोळीचे समर्थन करणे किती कठीण, हे यावरून उघड होते.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

हा विषय शिकविण्यास शस्त्राची मुळीच गरज नाही. एका सपाट फळीवर १० सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या उभ्या कराव्यात. फळी टेबलावर घट्ट बसवून त्या टाचण्यांच्या रेषेत पुढच्या टाचणीपासून ७ मीटरवरील भिंतीवर खडूने खूण करावी. नंतर मागची टाचणी तशीच ठेवून पुढची टाचणी १ मिलिमीटर बाजूला सरकवावी व पुन्हा खूण करावी. दोन खुणांमधील अंतर मोजावे. मग टाचण्यांमध्ये २० सेंटिमीटर अंतर ठेवून तीच कृती करावी. त्यानंतर खोलीत पूर्ण काळोख करून पुढच्या टाचणीवर चमकणारा ठिपका लावावा आणि भिंतीजवळ उभा असलेला वर्गमित्र कोण, हे विद्यार्थ्यांना विचारावे. ठिपका सर्वांना दिसेल; मित्राचे नाव कोणालाही सांगता येणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. रेडियमचे घड्याळ चमकणे बंद झाले तरी ते धोकादायक का राहते?
२. ट्रिटियमच्या दिव्याचे तेज सुमारे ३७ वर्षांनी किती अष्टमांश उरेल?
३. माशी व खाच यांमधील अंतर १४ सेंटिमीटर असल्यास १ मिलिमीटरची चूक ७ मीटरवर किती होईल?
४. नेम बरोबर असणे आणि निर्णय बरोबर असणे यांतील भेद उदाहरणासह स्पष्ट करा.