दोन स्ट्रोकचे लहान इंजिन : दोष शोधण्याची रीत



दोन स्ट्रोकचे इंजिन हे आपल्या भागाला नवे नाही. बजाज ऑटोची चेतक आणि कायनेटिक इंजिनिअरिंगची सुमारे ५० सीसीची लुना ही दोन्ही वाहने १९७२ साली बाजारात आली. हडपसरच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या कित्येक कामगारांनी पुढे वर्षानुवर्षे त्यांवरच ये-जा केली. आज ही दोन्ही नावे विजेवर चालणाऱ्या गाड्यांना दिलेली आहेत. तथापि दोन स्ट्रोकचे इंजिन संपलेले नाही. मळ्यातला पाठीवरचा फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र व जपून ठेवलेल्या जुन्या गाड्या यांत ते अजून राबत आहे.

असे इंजिन नीट चालेनासे झाले की पुष्कळदा थेट ब्लॉक-पिस्टनच उघडला जातो. खर्च होतो, दोन दिवस फवारणी थांबते, तोवर पिकावर रोग पसरतो. आणि शेवटी दोष साध्या प्लगमध्ये किंवा शिळ्या पेट्रोलमध्ये निघतो. म्हणून दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हे आम्ही या पाठात सांगत आहोत. सोपे व बिनखर्चाचे काम आधी, उघडण्याचे काम शेवटी, हा त्यातला मुख्य नियम होय.

इंजिन चालते कसे?

या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो. पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते व तेथून वर जाते. वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईलच बेअरिंग व पिस्टनला मिळते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. ऑईलचे प्रमाण चुकता कामा नये आणि क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरता कामा नये.

१. पेट्रोल व ऑईल

टाकीतले जुने मिश्रण काढून ताजे भरावे. चेतकला दोन टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिली ऑईल लागत असे. काही पंपांना लिटरमागे ४० मिली लागते. माहितीपुस्तिकेतले प्रमाण पाहावे व मापाने ओतावे. अंदाजाने ओतू नये. २०२५ पासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते. पाणी वाढले की पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होतात, ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते. मग इंजिनाला तळाचे, वंगण नसलेले मिश्रण मिळते. यास्तव हंगाम संपल्यावर टाकी व कार्बुरेटर रिकामे करून यंत्र ठेवावे.

२. हवा

एअर फिल्टर धुऊन, वाळवून बसवावा. इंजिन पाच-दहा मिनिटे चालून बंद पडत असेल तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. तेवढ्याने चालू राहिले तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे असे समजावे.

३. ठिणगी

प्लग काढून त्याचा रंग पाहावा. तपकिरी असेल तर ठीक. काळा व ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त आहे, अथवा ठिणगी कमजोर आहे. पांढरा व कोरडा असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा कुठून तरी हवा शिरते. पुष्कळ लहान इंजिनांत गॅप ०.६ ते ०.७ मिमी असतो. ठिणगी तपासताना पेट्रोलचा डबा व सांडलेले पेट्रोल दूर ठेवावे.

४. कार्बुरेटर

गरम झालेल्या इंजिनाचा चोक थोडा ओढावा. त्याने चाल सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा बाहेरची हवा शिरते आहे. जेट काढून पेट्रोलने धुवावा व हवेने फुंकावा. त्यात लोखंडी तार घालू नये. छिद्र मोठे झाले की जेट निकामी होतो.

५. सायलेन्सर

इंजिन सहज सुरू होते, मंद चालते, पण जोर घेत नाही, अशा वेळी सायलेन्सर, त्यातली जाळी व ब्लॉकचा धूर निघण्याचा मार्ग पाहावा. ऑईलचा कार्बन तेथे साचतो.

६. दाब व ऑईल सील

किक किंवा दोरी फारच हलकी लागली तर रिंगा झिजल्या असतील. प्लगच्या छिद्रातून थोडे ऑईल सोडून पुन्हा पाहावे. दाब वाढला तर रिंगांचा संशय बळावतो. ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन आपोआप वेगाने फिरत असेल, तर पॅकिंग किंवा क्रँकचे सील हवा घेत असावे. चेतकसारख्या गाडीत गिअरकडचे सील गेले की गिअरचे ऑईल कमी होते व धूर वाढतो.

एक धोक्याची सूचना

पेट्रोल कमी व हवा जास्त झाली की इंजिन काही काळ हलके, चपळ पळते. विद्यार्थ्याला वाटते की काम साधले. परंतु त्याच वेळी पिस्टन तापत असतो, वंगणही कमी मिळत असते आणि एकाएकी इंजिन जाम होते. म्हणून चांगल्या आवाजावर न भुलता प्लगचा रंग पुन्हा पाहावा. पांढरा दिसल्यास इंजिन लगेच बंद करावे.

पाळावयाची पथ्ये

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व लगेच चालवून पाहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा आला की पुन्हा तिन्हींचा खर्च होतो. काय पाहिले व काय बदलले हे वहीत तारखेसह लिहावे. काढलेला जुना भाग मालकाला दाखवावा. ज्याला आपल्या कामाचे कारण सांगता येते, त्या कारागिराकडे गिऱ्हाईक विश्वासाने परत येते.

स्वाध्याय : पंप गार असताना सुरू होतो, दहा मिनिटांनी बंद पडतो व थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होतो. यात प्रथम काय तपासाल व का, ते क्रमाने लिहा.