शिमगा आणि कवित्व

मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचची वाट पाहत अर्धा तास उभे राहिले, म्हणजे मनुष्यस्वभावाचे जेवढे ज्ञान होते तेवढे चार ग्रंथ वाचूनही होत नाही, असे आमचे मत आहे. लाँचला उशीर झालेला असतो, ऊन चढत असते आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाजवळ एखादी तक्रार तयार असते. कोणी तिकिटाच्या दराविषयी बोलतो, कोणी जावयाविषयी, कोणी शेजाऱ्याच्या रेडिओविषयी. ऐकणारे 'हो, हो' म्हणून समुद्राकडे तोंड फिरवितात. इतक्यात एखादे म्हातारबाबा पिशवी खाली ठेवून म्हणतात, "मी मुलगी पाहायला म्हणून ह्या धक्क्यावर आलो होतो. लाँच अजून यायची आहे. तोवर ती मुलगी आजी झाली म्हणतात!" आणि मघाशी तोंडे फिरविणारी तीच माणसे वळून हसू लागतात.

तक्रार एकच. उशीर लाँचचाच. मग एकाच्या बोलण्याचा कंटाळा का यावा, आणि दुसऱ्याच्या बोलण्याने त्याच उन्हात बरे का वाटावे? विनोदकार हा रोजच्या कटकटींचा, मनातल्या अढीचा आणि लोकांना न रुचणाऱ्या मतांचा धंदा करतो. हा कच्चा माल तुमच्या आमच्या सर्वांच्या घरी पडलेला असतो. त्याचे तो काय करतो, हे पाहण्याचा ह्या लेखात विचार आहे.

कटकटींपासून आरंभ करू. संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांनी कालिदासाच्या 'शाकुंतला'चा दुसरा अंक पुन्हा एकदा उघडून पाहावा. अंकाच्या आरंभी विदूषक एकटाच रंगभूमीवर येतो आणि आपली गाऱ्हाणी सांगू लागतो. राजाला शिकारीचे वेड. त्यापायी भर उन्हाळ्यात ह्या रानातून त्या रानात धावाधाव. प्यावयास डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी, तेही पाने कुजून कडवट झालेले. जेवणाची वेळ ठरलेली नाही. मिळते ते बहुधा सळईवर भाजलेले मांस. घोड्यामागे धावून सांधे निखळले, म्हणून रात्री झोप नाही. आणि पहाटे कोठे डोळा लागावा, तो रान उठविणाऱ्या पारध्यांचा गलका. एवढे कमी होते म्हणून की काय, राजाच्या दृष्टीस आश्रमातील ती मुलगी पडली. आता नगराला परतण्याचे नावच निघत नाही! दीड हजार वर्षांपूर्वीच्या ह्या भाषणात एकही मोठा विचार नाही. पाणी, जेवण, झोप आणि दुखरे सांधे, एवढाच त्याचा मजकूर. तरीही दुष्यंताच्या प्रेमाचे वर्णन वाचून जे विद्यार्थी जांभया देतात, तेच विदूषकाच्या सांध्यांविषयी वाचताना जागे होतात, हा आमचा वर्गातला अनुभव आहे. राजाचे प्रेम लाभण्याचा प्रसंग आपल्यांपैकी फारच थोड्यांवर यावयाचा. पण पहाटेची झोप मोडणे हे सर्वांच्याच वाट्याचे आहे.

विदूषक दुष्यंताला दोष देतो खरा, परंतु त्याची फजिती आपण पाहतो ती त्याची स्वतःची. तो भित्रा आहे, सुखासीन आहे, खादाड आहे, आणि हे सर्व त्याच्या तक्रारीतूनच बाहेर पडते. हीच रीत चिंतामण विनायक जोशी यांनी मराठीत इतक्या बेमालूमपणे वापरली की, चिमणराव हे घराघरांतले नातेवाईक होऊन बसले. जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक. बौद्ध वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा. असा गंभीर पंडित कथा लिहावयास बसला म्हणजे लेखणी देतो ती एका किरकोळ शरीराच्या, भिडस्त कारकुनाच्या हाती! चिमणराव आपल्या तोंडाने प्रवासाची, पाहुण्यांची, मुलांची, लग्नकार्याची रड सांगतात, आणि सांगता सांगता घोटाळ्याचे मूळ आपणच आहो हे नकळत कबूल करतात. 'चिमणरावांचे चऱ्हाट' हे पुस्तक १९३३ साली निघाले. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव उभे केले, तेव्हा पुस्तक न वाचलेल्यांनीही त्यांना ओळखले.

पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस' ह्या कथेत कोकणच्या रस्त्यावर एका एस. टी. गाडीखाली म्हैस सापडते आणि सारे उतारू अडकून पडतात. धक्क्यावर ताटकळणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी. तिच्यातील प्रत्येक उतारू आपल्या लाँचवर आहे, आणि सांगणारा स्वतः त्याच गाडीत बसलेला आहे. रस्त्याच्या कडेला उभा राहून तो गंमत पाहत नाही. ह्याच देशपांड्यांनी १९५८ साली पुस्तकरूपाने आलेली 'बटाट्याची चाळ' १९६१ साली एकट्याने रंगभूमीवर सादर केली. आज जे तरुण हाती ध्वनिक्षेपक घेऊन एकटे उभे राहतात आणि घरमालक, भाडे, आई, लग्न, वाहतूक यांविषयी तासभर कुरकुर करून तिकिटाचे पैसे घेतात, त्यांना हा धंदा परदेशातून आला असे वाटत असेल. त्यांनी विदूषकापर्यंतची आपली वंशावळ एकदा पाहून ठेवावी.

कटकटीपेक्षा अवघड असते ते न रुचणारे मत. डास फार झाले म्हटल्यास कोणी रागावत नाही. तुमचा मुहूर्त खोटा आणि तुमचे सोवळे निरर्थक, असे म्हटले म्हणजे ऐकणारा उठून जातो, किंवा बोलणाराला उठवितो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'सुदाम्याचे पोहे' लिहिताना ह्यावर तोड काढली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे जुन्या समजुतींचे मोठे कैवारी. ते त्या समजुतींची बाजू इतक्या उत्साहाने घेतात की, वाचकाला त्यांतील पोकळपणा आपोआप दिसावा. वाचक तिघांना हसतो आणि हसून झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की, परवाच आपणही असेच बोललो होतो. तोवर उशीर झालेला असतो.

मात्र ज्यांना मुखवट्याची गरज पडली नाही अशा एक लेखिका मराठीत होऊन गेल्या, आणि आमच्या शाळेसारख्या शाळेतल्या मुलांना तर त्यांचे नाव परके नसावे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. हे पुस्तक विनोदी म्हणून कोणी लिहिले नाही. पण तक्रारीचे हसू कसे होते हे शिकावयाचे तर आम्हांस त्याहून चांगले पाठ्यपुस्तक ठाऊक नाही.

त्यांच्या तक्रारींची यादी करून पाहा. वडील सोवळ्याने इतके पछाडलेले की, घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून वापरावयाची सोय नाही. अकराव्या वर्षी लग्न. पती नारायण वामन टिळक हे थोर कवी, पण संसाराला सर्वस्वी निरुपयोगी: शीघ्रकोपी, विसरभोळे, हातात पैसा न ठरणारे, केव्हा उठून कोणत्या गावी चालू लागतील ह्याचा नेम नसणारे. आणि १८९५ साली तर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी ह्याचा अर्थ बायकोच्या दृष्टीने काय होता, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागेल. पती जिवंत असून ती त्याच्याकडे जाऊ शकत नव्हती; गेली तर जात जाणार, माहेर जाणार. काही वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आश्रयाने, दुःखाने वेड्यासारखे होऊन काढली. कोणाला अढी धरण्याचा अधिकार असेल तर तो ह्या बाईंना होता.

आणि पुस्तकात ती अढी शोधावयास गेलो तर सापडत नाही. टिळकांचा राग आहे, त्यांचा विसराळूपणा आहे, त्यापायी रिकामा राहिलेला डबा आहे. काही झाकलेले नाही. परंतु प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या अंगाला लक्ष्मीबाई स्वतः उभ्या आहेत: हट्टी, भोळ्या, फटकळ, नवऱ्याला तोडीस तोड. पुढे त्या टिळकांकडे राहावयास गेल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवली होती. ज्या सोवळ्यापायी वडिलांना हसावयाचे, तेच आपल्या अंगी कसे भिनले होते, हे त्या हातचे राखून न ठेवता सांगतात. म्हणूनच, जातिभेद माणसाने निर्माण केलेला आहे असा निर्णय जेव्हा त्यांनी स्वतःच्या विचाराने घेतला, तेव्हा तो वाचकाला उपदेशासारखा टोचत नाही. त्या काळच्या समाजाला ह्याहून अप्रिय मत क्वचितच दुसरे असेल. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ज्यांना तो निर्णय पटला नाही अशा वाचकांनीही हे पुस्तक उराशी धरले, आणि आजही धरतात.

राहिली ती तिसरी जात, वैयक्तिक वैराची. येथे आम्ही जपून पाऊल टाकतो.

आपल्या किनाऱ्यावर ह्याला एक जुना दिवस नेमून दिलेला आहे. फाल्गुनी पौर्णिमेला होळी पेटली म्हणजे तोंडावर हात मारून ज्याच्या त्याच्या नावाने बोंब ठोकावयाची. लाकूड दिले नाही त्याच्या नावाने, पोस्त नाकारले त्याच्या नावाने, वर्षभर ज्याने डोळे वटारले त्याच्याही नावाने. पोरे सोंगे काढतात आणि गावातल्या बड्या असामीच्या चालण्याबोलण्याची नक्कल करतात. ह्यात ग्राम्यपणा पुष्कळ आहे आणि त्याचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. पण ह्या प्रथेत दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. एक म्हणजे बोंब कोणालाही चुकत नाही. आज मारणाराचे नाव दुसऱ्या घटकेस दुसऱ्याच्या तोंडी असते. दुसरी अशी की, होळी विझली म्हणजे प्रकरण मिटले. ते जेव्हा मिटत नाही तेव्हा आपण म्हणतो, शिमगा गेला पण कवित्व राहिले.

हे कवित्व किती काळ राहू शकते, ह्याचा दाखला ग्रीस देशातला आहे. अथेन्स नगरीत ॲरिस्टोफेनीस नावाचा प्रहसनकार होता. इसवी सनापूर्वी ४२३ साली त्याने 'मेघ' नावाचे नाटक रंगभूमीवर आणले आणि त्यात सॉक्रेटिस हा जिवंत, गावातच राहणारा तत्त्ववेत्ता नावानिशी उभा केला. नाटकातला सॉक्रेटिस टोपलीत बसून आकाशाचे चिंतन करतो आणि खोट्याचे खरे करण्याची विद्या शिकविणारी शाळा चालवितो. खरा सॉक्रेटिस तसे काही शिकवीत नसे. चोवीस वर्षांनी, इसवी सनापूर्वी ३९९ साली, तरुणांना बिघडविल्याच्या आरोपावरून त्याच सॉक्रेटिसावर खटला झाला. न्यायसभेपुढचे त्याचे भाषण प्लेटोने लिहून ठेवले आहे. त्यात तो म्हणतो की, समोरच्या फिर्यादींपेक्षा मला भय आहे ते जुन्या, लोकांच्या मनात मुरलेल्या फिर्यादींचे. आणि तेथे तो त्या नाटकाचा उल्लेख करतो. सॉक्रेटिसास विषाचा पेला मिळाला तो एका नाटकामुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु टोपलीतला तो मनुष्य न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता, हे खरे.

अथेन्सचे उदाहरण फार दूरचे वाटत असेल, म्हणून एक जवळचे सांगतो. ते आमचेच आहे.

आम्ही विद्यार्थी असताना गणिताच्या एका शिक्षकांनी आम्हांस सबंध तासभर बाकावर उभे केले होते. त्या अपमानाचे उट्टे आम्ही स्नेहसंमेलनात काढले. हे शिक्षक बोलताना मध्येच अडखळत; एखादा शब्द अडला म्हणजे डोळे मिटून तो सुटेपर्यंत थांबत. आम्ही तेवढेच उचलले. पाच मिनिटांची नक्कल. मंडपात हशा मावेना. शिक्षक पुढच्याच रांगेत होते आणि तेही हसत होते, असे आम्ही रंगमंचावरून पाहिले व त्यातच समाधान मानले.

गणिताचा तास संपत आला, की ते दर शनिवारी पाच मिनिटे मराठीतील एखादी जुनी कविता मोठ्याने म्हणून दाखवीत असत. कविता म्हणताना ते अडखळत नसत, हे आम्हांस तोवर कधी जाणवलेच नव्हते. पुढच्या शनिवारी त्यांनी पुस्तक पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हाती दिले आणि, "तू वाच," एवढेच म्हटले. वर्ष संपेपर्यंत दुसरीच मुले वाचीत राहिली.

आता वाटते की, त्या नकलेत अडखळणे होते, मिटलेले डोळे होते; एक गोष्ट तेवढी आम्ही वगळली होती. आम्ही बाकावर उभे होतो, कारण दिलेली दहाच्या दहा उदाहरणे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतली होती, आणि ती उतरविताना शेजाऱ्याचे नावही वहीवर उतरवून ठेवले होते! खरी हसण्याजोगी गोष्ट ही होती. ती सांगितली असती तर मंडप कदाचित अधिक हसला असता, आणि पुढच्या रांगेतील ते गृहस्थही निराळ्या तऱ्हेने हसले असते.

यंदाच्या स्नेहसंमेलनात नकलांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्यांना भाग घ्यावयाचा असेल त्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पालकांपैकी कोणाची इच्छा असल्यास त्यांचेही स्वागत आहे. यादीत पहिले नाव आम्ही आमचेच घातले आहे. विषय, दहा उदाहरणे.