त्रुटी-संदेशाचे वाचन : लिनक्सवर पॅकेज बसवताना व अद्ययावत करताना

लिनक्सवर मराठी लिहिण्याची सोय करून घेणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची डेबियनवर बेतलेली बॉस, यांपैकी कोणतीही प्रणाली असो. लोहित देवनागरी हा फाँट, इन्स्क्रिप्ट कळपाटासाठी आयबस-एम१७एन आणि लिब्रेऑफिसचे मराठी रूप एकेका आज्ञेने बसते. अडते ते त्या आज्ञेनंतर. कधी कधी पडद्यावर वीस-पंचवीस ओळी धावतात आणि शेवटी ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)’ एवढी ओळ उरते. शाळेतला किंवा ग्रंथालयातला संगणक असेल तर पुढचा सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारा आणि नव्याने टाका.’

या सल्ल्याने देणाऱ्याचा वेळ वाचतो. घेणाऱ्याचे काय जाते ते त्याला पुष्कळदा काही महिन्यांनी कळते. दस्तऐवजांची प्रत कोणीतरी पेनड्राइव्हवर घेतलेली असते. पण लिब्रेऑफिसमध्ये लिहिताना तांबडी रेघ आलेला शब्द आपण ‘शब्दकोशात घाला’ म्हणून स्वीकारतो, तेव्हा त्या शब्दांची यादी घर-फोल्डरातल्या कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरात साठत जाते. वाड्यांची नावे, माशांची नावे, बोलीतली क्रियापदे, आडनावांची रूपे असा अनेक वर्षांचा साठा त्यात असू शकतो. फॉरमॅट करताना या फोल्डराची आठवण सहसा कोणाला होत नाही. आणि हे सगळे कशासाठी, तर एक फाँट बसला नाही म्हणून! पॅकेजच्या बहुतेक अडचणींत फॉरमॅट करण्याची गरजच नसते. संदेश वाचायची गरज असते.

एक खुलासा. पुढे आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत. मराठी लिहिणाऱ्याची पहिली अडचण बहुधा येथेच येते. कळपाट मराठीवर राहिलेला असतो, आज्ञा देवनागरीत उमटते आणि ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर येते. ते निदान डोळ्यांना दिसते. सुडो पासवर्ड मागते तेव्हा टंकलेली अक्षरे सहसा दिसत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही ‘सॉरी, ट्राय अगेन’ येत राहिले तर आधी कळपाट तपासावा.

आता पडद्यामागे कोण काम करते ते पाहू. डेबियनच्या घराण्यात दोन कार्यक्रम मिळून हे काम करतात. डीपीकेजी १९९४पासूनचा, एपीटी त्याच्या नंतरचा. तो १९९९ साली डेबियन २.१ बरोबर आला. कोणते पॅकेज कोठे मिळते, त्याच्याबरोबर आणखी काय लागते, कोणत्या क्रमाने लागते हे एपीटी ठरवतो आणि सामान आणून देतो. ते मांडण्याचे काम डीपीकेजीचे. तो आधी पॅकेज उलगडून फायली जागच्या जागी ठेवतो आणि मग पॅकेजसोबत आलेली जुळणीची लिपी चालवतो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये वीज गेली, जागा संपली किंवा कोणी खिडकी बंद केली, तर पॅकेज अर्धवट राहते. प्रत्येक पॅकेज कोणत्या पायरीवर आहे याची नोंद /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस या फायलीत असते. ग्रंथालयातली दाखल नोंदवही जशी, तशीच ही फाइल. पुस्तक आले, नोंद झाली, पण कपाटात लागले नाही, असे काही असेल तर तेही येथे दिसते.

ही नोंदवही वाचायला ‘डीपीकेजी -एल’ ही आज्ञा आहे. तिच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन रोमन अक्षरे असतात. पहिले अक्षर आपली इच्छा सांगते, दुसरे वस्तुस्थिती. ‘आय-आय’ म्हणजे बसवायचे होते, बसले. ‘आर-सी’ म्हणजे काढायचे होते, काढले, फक्त त्याच्या मांडणीच्या फायली उरल्या. यात काळजीचे काही नाही. ‘आय-यू’ म्हणजे बसवायचे आहे, पण नुसते उलगडून ठेवले आहे. ‘आय-एफ’ म्हणजे जुळणी सुरू झाली आणि फसली. इच्छा आणि वस्तुस्थिती यांतले अंतर दोन अक्षरांत सांगणारी इतकी नेटकी नोंद दुसऱ्या प्रणालीत क्वचितच पाहायला मिळते.

आरंभी दिलेल्या त्या शेवटच्या ओळीकडे आता परत जाऊ. ती ओळ एपीटीची आहे आणि तिचा अर्थ ‘डीपीकेजीला काम पुरे करता आले नाही’ एवढाच. तीवरून कारण कळत नाही, तरीही मदत मागताना लोक तेवढीच ओळ लिहून पाठवतात! ती सोडून वर सरकावे आणि ‘एरर प्रोसेसिंग पॅकेज’ हे शब्द प्रथम जेथे येतात तेथे थांबावे. त्या ओळीत पॅकेजचे नाव असते. कारण तिच्या लगतच्या खालच्या ओळीत असते. तेथे नुसते ‘जुळणीची लिपी अपयशी ठरली’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर खरे कारण त्या लिपीनेच दोन-चार ओळी आधी छापलेले असते. त्यानंतर ‘डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स’ म्हणत येणारी पाच-सहा नावे बहुधा त्या पहिल्याच अपयशाची पिलावळ. पहिले सुटले की तीही सुटतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बूट विभागाचे. समजा, आपण लोहित देवनागरी बसवायला ‘सुडो एपीटी इन्स्टॉल फाँट्स-लोहित-देवा’ अशी आज्ञा दिली. त्रुटी आली, पण तिच्यात नाव फाँटचे नाही, ‘लिनक्स-इमेज’चे आहे. पुष्कळांना येथे फाँटचा संशय येतो. कोणी दुसरा फाँट बसवून पाहतो आणि तीच त्रुटी पुन्हा येते. घडलेले असते ते असे. काही मांडण्यांत, विशेषतः सगळी डिस्क कूटबद्ध केली असेल तेव्हा, बूट हा वेगळा आणि लहानसा विभाग असतो. सुरक्षा अद्यतनांबरोबर नवनवी कर्नल येतात आणि प्रत्येक कर्नलची चांगली मोठी फाइल या विभागात जाते. जुनी वेळच्या वेळी काढली गेली नाहीत की एके दिवशी विभाग भरतो. नव्या कर्नलची जुळणी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून अर्ध्यावर थांबते आणि नोंदवहीत ते पॅकेज ‘आय-एफ’ होऊन बसते. पुढे एपीटीला कोणतेही काम सांगा, डीपीकेजी आधी हे राहिलेले काम पुरे करू पाहतो आणि पुन्हा तेथेच अडतो. फाँट बहुधा बसलेलाही असतो. ओरड कर्नलची असते.

उपायाचा क्रम महत्त्वाचा आहे. ‘डीएफ -एच /बूट’ ही आज्ञा विभाग किती भरला ते दाखवते. ‘यूनेम -आर’ ही आज्ञा सध्या चालू असलेल्या कर्नलचा क्रमांक देते. तो कागदावर लिहून ठेवावा, कारण त्याला हात लावायचा नाही. मग ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चालवावी. अनावश्यक जुनी कर्नल ती स्वतः शोधून काढते. ती चालायला नकार देत असेल, तर ‘डीपीकेजी -एल’च्या यादीतून सर्वांत जुने एखादे लिनक्स-इमेज निवडून ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ या आज्ञेपुढे त्याचे पूर्ण नाव द्यावे. जागा झाली की ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा सगळी अर्धवट जुळणी पुरी करते. त्यातूनही काही राहिले, तर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. बूटमधल्या फायली हाताने पुसू नयेत. नोंदवहीला त्याचा पत्ता लागत नाही आणि पुढचा हिशेब चुकतो.

कुलुपाची तक्रार याहून साधी आहे. ‘कुड नॉट गेट लॉक’ असे आले तर दुसरे कोणीतरी नोंदवहीत लिहीत आहे, एवढाच अर्थ. उबुंटूत संगणक सुरू केल्यावर थोड्या वेळाने आपोआप सुरक्षा अद्यतने चालतात; वर्गात तास सुरू होतो तोही त्याच सुमाराला. दहा मिनिटे थांबावे. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो मला घातक वाटतो, कारण मग दोघेजण एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहू लागतात.

सामान आणतानाच्या त्रुटी वेगळ्या असतात. त्या डीपीकेजीपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘४०४ नॉट फाउंड’ आले तर बहुधा आपल्याकडची यादी शिळी झालेली असते. ‘सुडो एपीटी अपडेट’ने ती ताजी होते. (अपडेट फक्त यादी आणते, अपग्रेड पॅकेजे बदलते; या दोन शब्दांची गल्लत मराठीत ‘अपडेट मारणे’ या एकाच प्रयोगामुळे वाढली आहे.) तरीही ४०४ कायम राहिले तर आवृत्तीचे वय पाहावे. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला नेहमीचा आधार पाच वर्षांचा, मधल्या आवृत्तीला नऊ महिन्यांचा. मधली आवृत्ती कालबाह्य झाली की काही काळाने तिची पॅकेजे जुन्यांच्या वेगळ्या भांडारात हलवली जातात.

जुन्या संगणकांवर हमखास भेटणारा संदेश म्हणजे ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’. भांडाराच्या यादीवर तारीख असते आणि आपल्या संगणकाला ती भविष्यातली वाटते. दोष भांडाराचा नसतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि घड्याळ मागे पडलेले असते. ‘डेट’ एवढीच आज्ञा देऊन खात्री करावी, वेळ नीट लावावी आणि सेल बदलावा.

‘नो पबकी’ ही तक्रार सहीची आहे. भांडाराने यादीवर केलेली सही ज्या किल्लीने तपासायची ती किल्ली आपल्याकडे नाही. ती भांडाराच्या अधिकृत ठिकाणाहूनच आणावी. तपासणीच बंद करण्याचा पर्याय उपलब्ध आहे, पण शाळेच्या संगणकावर तो कोणी वापरू नये.

भाषेच्या अभ्यासकाने थबकावे अशी त्रुटी आता येते : ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. शब्दशः घेतले तर आपण काही मोडकी पॅकेजे रोखून धरली आहेत असा अर्थ होतो. ‘हेल्ड’ म्हणजे बदलू नये म्हणून आपणच थांबवून ठेवलेले. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ ही आज्ञा त्यांची यादी देते आणि ती पुष्कळदा रिकामी निघते! ‘ब्रोकन’चा अर्थही मोडके असा नाही, ज्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत असे. वाक्याचा व्यवहारातला अर्थ ‘तुम्ही मागता ते आणि तुमच्याकडे आहे ते एकत्र नांदू शकत नाही’ असा घ्यावा. मूळ इंग्रजी वाक्यच फसवे आहे. ज्यांचे इंग्रजी उत्तम तेही येथे अडखळतात.

लिब्रेऑफिसचेच घ्या. त्याचे मराठी रूप मूळ लिब्रेऑफिसच्या त्याच पिढीशी बांधलेले असते. कोणी नव्या आवृत्तीसाठी बाहेरचे भांडार, म्हणजे पीपीए, जोडले, लिब्रेऑफिस नवे केले आणि नंतर ते भांडार काढून टाकले. आता मराठी रूप मागितले तर नेहमीच्या भांडारात जुन्या पिढीचे मिळते आणि जुळत नाही. ‘एपीटी पॉलिसी’पुढे पॅकेजचे नाव दिले की बसलेली आवृत्ती, मिळू शकणारी आवृत्ती आणि तिचे भांडार हे तिन्ही दिसते. मग निर्णय आपला : पीपीए परत जोडायचे, किंवा पीपीए-पर्ज या साधनाने सगळे मूळ आवृत्तीवर आणायचे.

असे गुंते सोडवताना एपीटी काही पॅकेजे काढून टाकायचे सुचवतो. ती यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नये. २०२१ साली पॉप ओएसवर स्टीम बसवताना एका प्रसिद्ध यूट्यूब वाहिनीच्या चालकाने पडद्यावरचा इशारा ओलांडून ‘येस, डू ॲज आय से!’ हे मागितलेले वाक्य टंकले आणि त्याचा सगळा डेस्कटॉपच निघून गेला. प्रसंगाचे चित्रण लाखोंनी पाहिले. पॅकेजच्या मांडणीत दोष होता हे खरे. पण काय काय काढले जाणार ते पडद्यावर लिहिलेले होते.

एपीटी आणि डीपीकेजी या दोन्हींच्या संदेशांचे मराठी भाषांतर झालेले आहे, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. प्रणालीची भाषा मराठी ठेवली की ते दिसते. ज्या वाक्याचे भाषांतर नाही ते तेवढे इंग्रजीत उरते. वर्गात शिकवायला हे मराठी संदेश उपयोगी आहेत. मात्र मदत शोधताना मूळ इंग्रजी वाक्य हाताशी लागते; त्यासाठी सुडो या शब्दानंतर ‘एलसी_ऑल=सी’ लिहून मग उरलेली आज्ञा द्यावी, म्हणजे तेवढ्यापुरते उत्तर इंग्रजीत येते. आणि खिडकी बंद झाली म्हणून संदेश गेला असे समजू नये. पडद्यावर धावलेल्या ओळी /व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग या फायलीत तारीखवार उतरलेल्या असतात. कोणाला मदत मागायची असेल तर या फायलीतला त्या दिवसाचा भाग पहिल्या ओळीपासून पाठवावा.