कोरा रकाना

रक्तपेढी म्हणजे विज्ञान शाखेचा प्रांत, अशी माझी समजूत होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरानंतर आम्हां काही विद्यार्थ्यांना एका रक्तपेढीत मदतीस पाठविले, तेव्हा ती बदलली.

माझ्याकडे शीतकपाटाच्या तपमानाची वही आली. दर चार तासांनी आकडा लिहायचा. दुपारी दोनची नोंद मी विसरलो. सकाळी दहाला ४ अंश, सायंकाळी सहालाही ४. मग मधल्या रकान्यात ४ लिहायला काय हरकत? तंत्रज्ञ बाईंनी मला थांबविले. "कोरा राहू दे. शेजारी कारण लिही आणि सही कर."

त्या पेढीने आय. एस. ओ. ९००१ हे गुणवत्ता-व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारले होते. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेले हे मानक केवळ रक्तपेढ्यांसाठी नाही. कारखान्यालाही तेच लागू पडते. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवा, एच. आय. व्ही., 'बी' व 'सी' कावीळ, उपदंश आणि हिवताप यांसाठी रक्त तपासा, हे आपला कायदा सांगतो. मानक निराळाच प्रश्न विचारते : हे रोज, प्रत्येक पाळीत, असेच घडते हे कशावरून? म्हणून कामाची रीत लिहून ठेवायची, तसेच वागायचे, नोंद ठेवायची आणि चूक झाल्यास माणसाला धारेवर न धरता तिचे मूळ शोधायचे.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा उलगडा केला. तरीही चुकीच्या गटाचे रक्त चढते, तेव्हा अनेकदा नमुन्याच्या बाटलीवर दुसऱ्याच रोग्याचे नाव पडलेले असते. दाता आणि रोगी एकमेकांस कधी भेटत नाहीत. त्यांना जोडतात ती वहीतील अक्षरे नि आकडे.

मी कारण लिहिल्यावर बाईंनी यंत्राचा आलेख काढला. दोनच्या सुमारास रेघ सहापर्यंत चढून उतरली होती. मर्यादा ओलांडली नव्हती, म्हणून घंटा वाजली नव्हती. शोध घेता दाराचे रबर झिजलेले आढळले. ते त्याच संध्याकाळी बदलले. रक्त वाया गेले नाही.

माझा ४ तेथे असता, तर आलेख कोणी पाहिलाच नसता. इतिहासाच्या वर्गात आम्ही अस्सल व बनावट कागद पारखायला शिकतो. त्या दिवशी मीच एक बनावट कागद तयार करण्याच्या बेतात होतो.